कॅमशाफ्टचे टायमिंग खुणांवर सोडू नये, मोजून घ्यावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या स्पोर्ट्स कारच्या जतनावर आलेला लेख मी आस्थेने वाचला. रंग, पत्रा, चामडी आसने आणि कागदपत्रे यांविषयी त्यात दिलेली माहिती उपयोगी आहे आणि असे विषय मराठी वृत्तपत्रात सविस्तर यावेत, अशी माझ्यासारख्या अनेकांची इच्छा असते. लेखातील इंजिनविषयक परिच्छेदाबद्दल मात्र लिहिणे मला भाग आहे. कॅमशाफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह (झडपा) उघडणाऱ्या दांड्याचे, टायमिंग जुळवायचे म्हणजे तो आणि पिस्टनांना जोडलेला क्रँकशाफ्ट या दोन्हींच्या स्प्रॉकेटांवरचे (दातेरी चाकांवरचे) ठिपके समोरासमोर आणून चेन चढवायची, त्यानंतरही गाडीत दम वाटला नाही तर डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) थोडा फिरवून पाहायचा आणि तरीही फरक पडला नाही तर इंजिन खोलून बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून, घ्यायचे, असा क्रम त्या परिच्छेदात सुचवला आहे. मी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटर मेकॅनिकच्या व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतरही जुन्या इंजिनांची कामे माझ्या हातून होत असतात. त्या अनुभवावरून सांगतो की, या क्रमाने गेल्यास चांगले इंजिन विनाकारण बोअर होण्याची शक्यता फार मोठी आहे. जुन्या गाडीच्या ब्लॉकमधून एकदा काढलेले लोखंड परत भरता येत नाही, म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी चालेल असे मी धरून चालतो.

उदाहरणासाठी एमजीबी ही गाडी घेतो. लेखात तिचे छायाचित्र होते आणि तिचे इंजिन आपल्याकडच्या मेकॅनिकांना अपरिचित नाही. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या या गाडीत १७९८ सीसीचे बी-सिरीज इंजिन होते. आपल्या ॲम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षे चाललेले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच घराण्यातले. दोन्हींचा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ८८.९ मिलिमीटर, बोअर (सिलिंडरचा व्यास) मात्र ॲम्बेसेडरचा सुमारे ७३ आणि एमजीबीचा ८०.२६ मिलिमीटर. कॅमशाफ्ट ब्लॉकच्या बाजूला, त्यावर टॅपेट, टॅपेटवर पुशरॉड आणि वर व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर, ही रचना दोन्हींत एकच. ज्याने ॲम्बेसेडरचे टायमिंग कव्हर उघडले आहे त्याला एमजीबीचे कव्हर उघडल्यावर नवीन काही दिसणार नाही. आणि नेमक्या याच ओळखीमुळे चूक होते, कारण टॅक्सीच्या इंजिनात जो फरक कोणाच्या लक्षातही येत नाही तोच दोन एसयू कार्बोरेटर असलेल्या आणि मिनिटाला ५४०० फेऱ्यांवर कमाल शक्ती देणाऱ्या इंजिनात स्पष्ट जाणवतो.

मूळ गोष्ट अशी की, चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. त्यामुळे कॅमशाफ्ट आपल्या जागेपासून १ अंश सरकला तर क्रँकच्या हिशेबात व्हॉल्व्ह २ अंशांनी लवकर किंवा उशिरा उघडतो. एमजीबीच्या कारखान्याने दिलेले आकडे असे आहेत: इनलेट (मिश्रण आत घेणारा) व्हॉल्व्ह पिस्टन टीडीसीला, म्हणजे सर्वांत वरच्या बिंदूला, पोचण्यापूर्वी १६ अंश उघडतो आणि पिस्टन तळाला जाऊन परत फिरल्यावर ५६ अंशांनी मिटतो, एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोचण्यापूर्वी ५१ अंश उघडतो आणि टीडीसीनंतर २१ अंशांनी मिटतो. म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह प्रत्येकी २५२ अंश उघडे असतात आणि टीडीसीच्या आसपास ३७ अंशांपर्यंत दोन्ही एकाच वेळी थोडेथोडे उघडे असतात. याच आकड्यांतून हिशेब केला तर इनलेटचा कॅम टीडीसीनंतर ११० अंशांवर पूर्ण उचललेला असला पाहिजे. हा ११० चा आकडा पुढे लागणार आहे.

या चार क्षणांपैकी गाडीच्या स्वभावावर सर्वाधिक परिणाम करणारा क्षण म्हणजे इनलेट मिटण्याचा. पिस्टन वर निघालेला असतानाही इनलेट उघडा ठेवण्याचे कारण असे की, वेगात चालणाऱ्या इंजिनात आत येणाऱ्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला स्वतःची गती असते आणि पिस्टन परतू लागल्यावरही ते काही काळ आत घुसतच राहते. कमी फेऱ्यांवर ही गती नसते. त्या वेळी इनलेट ठरल्यापेक्षा उशिरा मिटला तर सिलिंडरमध्ये आलेले मिश्रण पिस्टन परत मॅनिफोल्डमध्ये (आत येण्याच्या नळीत) ढकलतो, उरलेल्या मिश्रणावर दाब कमी बसतो आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढ घेताना रडू लागते. वरच्या फेऱ्यांवर मात्र तीच गाडी बरी पळते. मालक म्हणतो, गाडीला पिकअप नाही. मेकॅनिक कॉम्प्रेशन गेज लावतो, चारही सिलिंडरांचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी येतो आणि पिस्टनच्या रिंगा गेल्या असा निष्कर्ष तिथल्या तिथे निघतो. कॉम्प्रेशन गेज जो दाब दाखवते तो इनलेट कधी मिटला यावरही अवलंबून असतो, हे त्या घाईत कोणाच्या ध्यानात राहत नाही.

आता ठिपके बरोबर असूनही कॅमशाफ्ट मागे कसा पडतो, ते पाहू. पहिले आणि नेहमीचे कारण म्हणजे चेन. चेनचा जो भाग क्रँककडून कॅमच्या स्प्रॉकेटला ओढतो तो वापराने लांबतो. कड्यांतील प्रत्येक पिन आणि बुश किंचित झिजते आणि ती सगळी झीज एकत्र होऊन कॅमशाफ्ट मागे राहतो. चेन ताणून धरणारा टेन्शनर तिच्या सैल बाजूवर काम करतो. तो खडखडाट थांबवतो, पण ओढणारी बाजू लांबल्याने आलेला उशीर त्याला भरून काढता येत नाही. म्हणून चेन आवाज करत नाही एवढ्यावरून टायमिंग ठीक आहे असे मानता येत नाही. दुसरे कारण बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांचे. कॅमशाफ्टवरचा खाचा, स्प्रॉकेटमधला खाचा, ठिपक्याची जागा आणि क्रँकच्या स्प्रॉकेटचा खाचा या प्रत्येकाला बनवताना थोडी सूट असते. चारही एकाच दिशेने चुकले तर नव्या कोऱ्या भागांनिशीही काही अंशांचा फरक पडतो. तिसरे कारण आपल्याकडे विशेष आढळते. झिजलेला कॅमशाफ्ट घासून, प्रसंगी भरून, पुन्हा बसवला जातो. घासणाऱ्याने कॅमचा आकार सुंदर राखला, पण खाच्याच्या संदर्भात त्याचा कोन राखला नाही, तर ठिपके जुळतील आणि व्हॉल्व्ह मात्र चुकीच्या वेळी उघडतील.

लेखात हेड (सिलिंडरांवरचे झाकण) फेस केल्याने, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट केल्याने, टायमिंग बदलते असेही एक वाक्य आहे. ते विधान वर कॅमशाफ्ट असलेल्या इंजिनांना लागू पडते, एमजीबीला नाही. जॅग्वारच्या एक्सके इंजिनासारख्या इंजिनात कॅमशाफ्ट हेडमध्येच असल्यामुळे हेडचा थर काढला की क्रँक आणि कॅम यांमधले अंतर घटते आणि कॅम मागे पडतात. बी-सिरीजमध्ये कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आहे. तेथे हेड फेस केल्याने कॉम्प्रेशन वाढेल, टॅपेट पुन्हा सेट करावे लागतील, पण कॅमशाफ्ट आपल्या जागेवरून हलणार नाही.

डिस्ट्रिब्यूटर फिरवण्याच्या सल्ल्याकडे येतो, कारण सर्वाधिक दिशाभूल तिथे होते. बी-सिरीज इंजिनात डिस्ट्रिब्यूटरला गती कॅमशाफ्टवरून मिळते. चेन लांबून कॅमशाफ्ट मागे पडला की त्याच्याबरोबर ठिणगीही मागे पडते. मेकॅनिक टायमिंग लाइट लावून पाहतो, ठिणगी उशिरा पडते आहे असे त्याला दिसते, तो डिस्ट्रिब्यूटर फिरवून ठिणगी बरोबर जागी आणतो आणि गाडी खरोखरच थोडी सुधारते. व्हॉल्व्हचा उशीर मात्र तसाच राहतो आणि आता तो दाखवून देणारी खूणही पुसली गेलेली असते. वर्षभराने पुन्हा तक्रार आली की पुन्हा डिस्ट्रिब्यूटर फिरतो. ठिणगीचे टायमिंग आणि व्हॉल्व्हचे टायमिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरे दुरुस्त केल्याशिवाय पहिल्याशी खेळण्यात अर्थ नाही, हे मी माझ्या प्रत्येक तुकडीला सांगत आलो. डिस्ट्रिब्यूटर आपल्या क्लॅम्पमध्ये जवळजवळ शेवटपर्यंत फिरवलेला दिसला तर तो मला रोगाचे लक्षण वाटतो.

मग तपासायचे कसे? सर्वांत सोपी तपासणी खुद्द कारखान्याच्या मॅन्युअलमध्ये दिलेली आहे आणि तिला फीलर गेजपलीकडे (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांपलीकडे) काही लागत नाही. इंजिन थंड असताना पहिल्या सिलिंडरच्या इनलेट रॉकरचा गॅप नेहमीच्या ०.०१५ इंचाऐवजी ०.०५५ इंच, म्हणजे सुमारे १.४ मिलिमीटर ठेवायचा आणि इंजिन हाताने, चालण्याच्याच दिशेने, हळूहळू फिरवायचे. हा वाढवलेला गॅप संपून व्हॉल्व्ह उघडू लागण्याच्या बेतात आला की पुलीवरची खाच टीडीसीच्या काट्यासमोर असली पाहिजे. खाच काट्याच्या पुढे निघून गेलेली असेल तर कॅमशाफ्ट मागे आहे. तपासणी झाल्यावर गॅप आठवणीने ०.०१५ इंचावर आणावा, नाहीतर नवीनच आवाज सुरू होतो. या पद्धतीने दोन-चार अंशांचा फरक खात्रीने सांगता येत नाही आणि कॅमशाफ्ट मूळचा नसेल तर ०.०५५ हा आकडाच लागू होत नाही. पण इंजिन खोलावे की नाही, याचा निर्णय घेण्यापूर्वी एवढे तरी प्रत्येकाने करावे.

खरी मोजणी अंशांच्या तबकडीने आणि डायल गेजने (सूक्ष्म हालचाल दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने) होते. तबकडी क्रँकच्या पुढच्या टोकाला बसवायची आणि जवळच्या बोल्टला जाड तारेचा काटा बांधायचा. तबकडी मोठी असावी. ३६० मिलिमीटर व्यासाच्या तबकडीच्या कडेवर १ अंश सुमारे ३.१४ मिलिमीटर लांब असतो आणि चष्मा लावणाऱ्या माणसालाही अर्धा अंश वाचता येतो. पहिले काम खरा टीडीसी शोधण्याचे. पुलीवरच्या खाचेवर त्यासाठी विसंबू नये, कारण ज्या पुल्यांत बाहेरचे कडे रबराने जोडलेले असते त्यांत जुने रबर सुटून कडे सरकलेले आढळते. पिस्टनवर डायल गेज ठेवून सर्वोच्च बिंदू पाहणेही पुरेसे नाही. वरच्या टोकाला क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन हलल्याचे जाणवत नाही. म्हणून प्लगच्या भोकातून एक बोथट अडथळा बसवायचा, क्रँक एका बाजूने पिस्टन अडेपर्यंत हलक्या हाताने फिरवून वाचन घ्यायचे, मग उलट बाजूने तसेच करायचे आणि दोन्ही वाचनांच्या बरोबर मध्यावर शून्य आणायचे. अडथळा काढून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे विद्यार्थ्यांना सांगावे लागते आणि अनुभवी माणसांनाही सांगावे लागते.

यानंतर डायल गेजचे टोक पहिल्या सिलिंडरच्या इनलेट पुशरॉडवर किंवा व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या टोपीवर टेकवायचे. कॅमच्या नाकावरही उचल काही अंश स्थिर भासते, त्यामुळे सर्वोच्च उचलीचे एकच वाचन घेऊन चालत नाही. उचल सर्वोच्च आकड्यापेक्षा ठरावीक अंतराने कमी असताना, उदाहरणार्थ ०.०५० इंचाने, चढताना एकदा आणि उतरताना एकदा असे अंश वाचायचे व त्यांची सरासरी काढायची. समजा चढताना टीडीसीनंतर ७६ अंश आणि उतरताना १५६ अंश मिळाले, तर मध्य ११६ येतो. असायला हवा ११०. म्हणजे कॅमशाफ्ट क्रँकच्या मापाने ६ अंश मागे आहे. दोन्ही वाचने इंजिन चालण्याच्या दिशेने फिरवतच घ्यायची; एखादे वाचन हुकले तर मागे ओढून परत आणू नये, बरेच मागे नेऊन पुन्हा पुढे यावे, कारण उलट फिरवले की चेनची सैल बाजू बदलते आणि वाचन खोटे येते. संपूर्ण मोजणी दोनदा करावी. दोन्ही वेळा उत्तर एक आले तरच त्यावर विश्वास ठेवावा.

सहा अंशांचा उशीर निघाला म्हणून एक दात पुढे घ्यावा, असे काहींना वाटते. एक दात म्हणजे क्रँकचे दहा अंशांहून बरेच अधिक. त्याने दुरुस्ती न होता उलट्या बाजूची चूक होईल. आधी चेन, दोन्ही स्प्रॉकेटे आणि टेन्शनर नवे घालून पुन्हा मोजावे. बऱ्याचदा फरक तिथेच मिटतो. नवे स्प्रॉकेट बसवताना दोन्ही एका पातळीत आहेत का, हे त्यांच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून पाहावे आणि क्रँकच्या स्प्रॉकेटमागे लागतील तेवढ्या शिम (पातळ चकत्या) घालाव्यात, नाहीतर नवी चेनही लवकर जाते. एवढे करूनही फरक उरला तर कॅमशाफ्टच्या स्प्रॉकेटसाठी पायरी असलेली 'की' (खाच्यात बसणारी खुंटी) मिळते, म्हणजे जिचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागापासून किंचित सरकवलेला असतो. ती वेगवेगळ्या अंशांत येते आणि घेताना तो आकडा कॅमचा आहे की क्रँकचा, हे विचारून घ्यावे लागते; सहा अंशांचा उशीर भरण्यासाठी कॅमशाफ्ट तीनच अंश पुढे न्यायचा असतो. की उलटी बसली तर सहाचा उशीर बाराचा होतो. म्हणून की घातल्यावर पुन्हा मोजल्याशिवाय कव्हर लावू नये. छिद्रांनी सरकवता येणारे स्प्रॉकेटही मिळते; ते महाग पडते, पण वारंवार बदल करायचे असतील तर सोयीचे असते.

ज्या कारखान्यांनी आपल्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनात हे समायोजन मुळातच दिले, त्यांच्याकडे पाहिले की माझे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. जॅग्वारने १९४८ मध्ये एक्सके १२० गाडीबरोबर आणलेल्या इंजिनात दोन्ही कॅमशाफ्टच्या स्प्रॉकेटांना बारीक दात्यांची तबकडी आहे. कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकाला असलेल्या खाचेत कारखान्याचे गेज बसवून कॅम नेमक्या जागी धरायचा आणि मग त्या तबकडीच्या साहाय्याने स्प्रॉकेट जोडायचे, अशी तिथली रीत. त्या इंजिनात पहिला सिलिंडर मागच्या बाजूला आणि सहावा पुढे असतो, हे माहीत नसल्यामुळे चुकीच्या पिस्टनवर टीडीसी धरल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

पोर्शने १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडलेल्या आणि पुढे ९११ या नावाने विकल्या गेलेल्या गाडीचे हवेने थंड होणारे सहा सिलिंडरांचे इंजिन तर या विषयातले आदर्श उदाहरण आहे. दोन्ही बाजूंना एकेक कॅमशाफ्ट, प्रत्येकाला स्वतंत्र चेन आणि स्प्रॉकेट व त्यामागचा हब यांना जोडणारी एक छोटी पिन. स्प्रॉकेटच्या आणि हबच्या छिद्रांची संख्या एकाने वेगळी ठेवली आहे, त्यामुळे कोणत्याही स्थितीत एकच छिद्र समोरासमोर येते आणि शेजारचे छिद्र निवडले की कॅम अगदी थोडा सरकतो. तेथेही खुणा आहेत: पुलीवर झेड-१ ही टीडीसीची खूण आणि कॅमशाफ्टच्या टोकावरच्या खुणा. पण कारखान्याने त्या खुणा जुळल्या म्हणजे काम झाले असे कधीच मानले नाही. व्हॉल्व्हचा गॅप ०.१ मिलिमीटर ठेवायचा, पहिल्या सिलिंडरच्या इनलेट व्हॉल्व्हवर डायल गेज लावायचे आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे असण्याच्या टीडीसीवर इनलेट किती उचललेला आहे, ते मिलिमीटरमध्ये वाचायचे. त्या काळातल्या ९११ टी साठी हा आकडा २.३ ते २.७ मिलिमीटर, तर त्याच इंजिनाच्या अधिक तिखट अशा ९११ एस साठी ५.० ते ५.४ मिलिमीटर. मग क्रँक ३६० अंश फिरवून चौथ्या सिलिंडरवर दुसऱ्या बाजूचा कॅम तसाच बसवायचा आणि शेवटी दोन पूर्ण फेऱ्या फिरवून दोन्हींची पुन्हा खात्री करायची. खुणा त्याच, इंजिनाचा सांगाडा तोच, पण कॅम वेगळा म्हणून मोजमाप दुप्पट. ज्या कारखान्याने स्वतः खुणा कोरल्या, त्यालाही शेवटचा शब्द डायल गेजचा वाटला.

९११ च्या बाबतीत सावधगिरीही जास्त हवी. कॅम बराच चुकला असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. त्यामुळे हाताने फिरवताना थोडा जरी अडथळा जाणवला तरी तिथेच थांबावे, पान्याला जोर लावू नये. या इंजिनाचे जुने चेन टेन्शनर अचानक दगा देत असल्याची जगभर ख्याती होती आणि १९८४ च्या ३.२ लिटर कॅरेरापासून कारखान्याने इंजिनच्या तेलदाबावर चालणारे टेन्शनर दिले. मोजणी चालू असताना टेन्शनर ताणलेल्या स्थितीत यांत्रिक रीतीने रोखून ठेवावा लागतो, तसे न केल्यास आकडा दर वेळी निराळा येतो.

लेखकांनी कॅम 'थोडा पुढे' ठेवल्याने शक्ती वाढते असे सर्वसाधारण विधान केले आहे, त्याविषयी एवढेच म्हणतो की, कॅमशाफ्ट पुढे घेतल्याने इनलेट लवकर मिटतो, खालच्या फेऱ्यांवर ओढ वाढते आणि वरच्या फेऱ्यांवर ती घटते. मागे नेल्यास याच्या उलट. जी गाडी पुण्याच्या रहदारीतून लोणावळ्यापर्यंत फिरायला न्यायची, तिला एक-दोन अंश पुढे ठेवणे मानवेल, धावपट्टीवर पळवायच्या गाडीला नाही. सर्व वेगांना सारखी चांगली अशी एक जागा नसतेच. अल्फा रोमिओने १९८० मध्ये आपल्या स्पायडर गाडीत इंजिन चालू असतानाच इनलेट कॅमची जागा बदलणारी यंत्रणा बसवली, ती याच अडचणीवरचे उत्तर म्हणून. विक्रीच्या गाडीतील ती पहिली अशी यंत्रणा मानली जाते. आपल्या साध्या बी-सिरीजला ती सोय नाही, म्हणून तिच्यासाठी कारखान्याने दिलेला आकडा आधी गाठावा आणि त्यानंतरच आवडीनिवडीचा विचार करावा.

आता बोअर करण्याच्या सल्ल्याबद्दल. काही महिन्यांपूर्वी एका परिचितांच्या एमजीबीला एका गॅरेजमध्ये बोअर-रिंगचा खर्च सांगण्यात आला होता. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन कमी, पण जवळजवळ सारखे. मला हा सारखेपणा खटकला, कारण रिंगा सहसा चारही सिलिंडरांत सारख्या झिजत नाहीत. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा दाब घेतला. रिंगा गेल्या असत्या तर आकडा चांगला वर गेला असता, तो जवळपास तिथेच राहिला. मग दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेल्या टीडीसीवर सिलिंडरमध्ये हवा भरून गळती पाहिली. या तपासणीत व्हॉल्व्हच्या टायमिंगचा काही संबंध येत नाही, आणि गळती किरकोळ होती. तेव्हा तबकडी लावली. कॅमशाफ्ट मागे होता, चेन लोंबत होती आणि डिस्ट्रिब्यूटर क्लॅम्पच्या टोकापर्यंत फिरवलेला होता. चेन, स्प्रॉकेटे आणि टेन्शनर यांवर काम भागले, कॉम्प्रेशनचा आकडा वर आला आणि ब्लॉक आहे त्याच बोअरवर राहिला. या गाड्या आता बनत नाहीत, त्यांचे ब्लॉक ठरावीक ओव्हरसाइझपर्यंतच नेता येतात, पुढे स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायची नळी) ठोकण्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणून दाब कमी पण सारखा, ऑइल घालूनही न वाढणारा आणि गळती किरकोळ, अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर ब्लॉक लेथवाल्याकडे पाठवण्यापूर्वी कॅमशाफ्टचे टायमिंग मोजले जावे, असा माझा आग्रह आहे.

या निमित्ताने प्रशिक्षण संस्थांविषयीही दोन शब्द. अंशांची तबकडी ही महागडी वस्तू नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर वर्कशॉपमध्येच ती आखून घेता येते आणि चुंबकी पायाचे डायल गेज जवळपास प्रत्येक संस्थेच्या भांडारात असते. व्हॉल्व्ह टायमिंगची आकृती विद्यार्थी परीक्षेत सुबक काढतात, पण ती आकृती प्रत्यक्ष इंजिनावर मोजून काढण्याची संधी त्यांना क्वचित मिळते. भंगारात निघालेले एखादे ॲम्बेसेडरचे इंजिन स्टँडवर बसवून प्रत्येक विद्यार्थ्याला टीडीसी शोधायला लावावा, चारही क्षण वाचायला लावावेत आणि मुद्दाम एक दात चुकवून ती चूक शोधायला लावावी. आजच्या इंजिनांत संगणक कॅमची जागा स्वतः सांभाळतो हे खरे. तरीही सेन्सरने दाखवलेला दोष चेनचा आहे की सेन्सरचाच, हे ठरवताना हीच समज लागते. जुन्या गाड्यांची दुरुस्ती करणारी पिढी आता थकत चालली आहे आणि तिच्या हातातले हे ज्ञान कागदावर व सरावात उतरवणे निकडीचे आहे.

आपल्या पुरवणीतील लेख वाचून अनेक मालक आपल्या गाड्या घेऊन गॅरेजमध्ये जातील, म्हणून पुढील अंकात त्या परिच्छेदाची दुरुस्ती छापावी, ही विनंती. जागा कमी असल्यास निदान इतके तरी द्यावे की, मूळ कॅमशाफ्ट असलेल्या एमजीबीसाठी इनलेटचे आकडे १६ आणि ५६, एक्झॉस्टचे ५१ आणि २१, इनलेटच्या पूर्ण उचलीची जागा टीडीसीनंतर ११० अंश आणि तपासणीचा गॅप ०.०५५ इंच आहे. आणि बोअर करण्याचा निर्णय घेण्यापूर्वी मालकांनी मेकॅनिककडून हे आकडे आपल्या इंजिनावर प्रत्यक्ष मोजून, कागदावर लिहून घ्यावेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक, पुणे